स्लाइम कोटवालं वॉटर कंडिशनर घ्यायचं का? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

घाईत असाल तर एवढंच वाचा. वॉटर कंडिशनर म्हणजे माशांच्या टँकसाठी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं द्रव, आणि स्लाइम कोट म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. कोरफड घातलेलं, बाटलीवर 'स्लाइम कोट जपतं' असं छापलेलं वॉटर कंडिशनर मी पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले तीन क्लोरीन काढतं म्हणून आणि अर्धा त्या कोरफडीचा. घ्या, पण कशासाठी घेताय ते नीट समजून घ्या, कारण माशाच्या अंगावरची बुळबुळ ही बाटलीतून ओतून लावायची वस्तूच नाहीये आणि दुकानात हे कुणी सांगत नाही म्हणून एवढं सगळं लिहितेय.

माझ्याकडे चार फुटी टँकमध्ये गोल्डफिश आहेत, बाजूच्या छोट्या टँकमध्ये झेब्रा डॅनिओ, पाणी महापालिकेच्या नळाचं. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा असा वास येतो की बादली भरता भरताच कळतं, त्यामुळे कंडिशनर हा महिन्याच्या सामानातलाच आयटम झालाय. अँटी-क्लोरीनचे साधे खडे, एपीआयचं स्ट्रेस कोट, सीकेमचं प्राइम आणि दोनचार लोकल बाटल्या असं सगळं आलटून पालटून वापरलंय. एका लोकल बाटलीवर तर आत काय आहे हेच लिहिलेलं नव्हतं, नुसता हिरवा रंग आणि मागे कोरफडीच्या पानाचा फोटो, तिचं नाव घेत नाही पण अशी बाटली हातात आली तर परत ठेवा, लेबलवर घटक आणि डोस नसेल तर ते माशांच्या पाण्यात घालायचंच कशाला.

आधी क्लोरीनचं बोलू, कारण ते घरी तपासता येतं. टाकीच्या नाहीतर स्विमिंग पूलच्या पाण्यासाठी थेंबांचं छोटं किट मिळतं, पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब पडले की पाणी पिवळं होतं. दोन काचेच्या ग्लासात नळाचं ताजं पाणी घ्या, एकात कंडिशनर घालून ढवळा, मग दोन्हीत थेंब टाका आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. माझ्याकडे साधा ग्लास लगेच पिवळा झाला आणि कंडिशनरवाल्यात रंगच आला नाही. पण हीच टेस्ट मी खड्यांवर पण केली आणि तिथंही रंग आला नाही! ते खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, कंडिशनरच्या तुलनेत फारच स्वस्त, क्रॉफर्ड मार्केटला किंवा शोभेच्या माशांच्या कुठल्याही दुकानात पुडीत मिळतात. म्हणजे नुसतं क्लोरीनच काढायचं असेल तर महागड्या बाटलीला तिथं काही जास्तीचे मार्क नाहीत. प्राइमचं एक कौतुक करायला हवं, डोस फार कमी लागतो, दोनशे लिटरला पाच मिली, आणि स्ट्रेस कोटचा डोस साधारण अडतीस लिटरला पाच मिली, त्यामुळे बाटली किती दिवस पुरेल याचा हिशोब दुकानात उभं राहूनच करा. प्राइमला गंधकाचा वास येतो, बाटली उघडली की नाक मुरडाल, पण ती खराब झालेली नसते, ते तसंच असतं.

आता मुख्य मुद्दा, तो स्लाइम कोट.

माशाची कातडी आपल्यासारखी नसते. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, कोरडा, तोच आपला बचाव. माशाला तो बहुतेक नसतोच, वरपर्यंत सगळ्या पेशी जिवंत आणि चोवीस तास पाण्यात, ज्या पाण्यात बॅक्टेरिया, बुरशी, परजीवी सगळेच पोहत असतात. आणि आपल्याला वाटतं खवलं वर असतात, तर तसं नाहीये, खवलांच्या वरून जिवंत कातडीचा पातळ पदर असतो आणि त्या पदरावर स्लाइम. म्हणजे एखादं खवलं निघालं तर त्याच्यावरची जिवंत कातडी फाटून मगच ते निघतं, हे लक्षात ठेवा, पुढे जाळीचा विषय येतोय.

ती बुळबुळ तयार होते कातडीतल्या गॉब्लेट पेशींमधून. तिचा चिकटपणा म्युसिन नावाच्या प्रथिनांचा, साखरेच्या साखळ्या लागलेली लांब प्रथिनं पाणी धरून फुगतात. हा थर एकदा लावला आणि राहिला असा नसतो, तो सतत सुटून वाहून जातो आणि खालून नवा येतो, चिकटलेले जंतूही त्याच्याबरोबर जातात. घरी वाम किंवा शिंगाळा साफ केलाय त्यांना माहितीये, राख किंवा मीठ चोळल्याशिवाय हातात राहत नाही इतकी ती जाड असते.

पण नुसतं निसरडं असणं हे त्यातलं कमी महत्त्वाचं काम. खरं काम त्यात मिसळलेल्या बचावाच्या प्रथिनांचं, आणि ही यादी वाचली तेव्हापासून मी टँककडे वेगळ्याच आदराने बघायला लागलेय. त्यात लायसोझाइम असतं, बॅक्टेरियाच्या भिंतीचे दुवे तोडणारं एन्झाइम, हेच आपल्या अश्रूंत आणि नाकाच्या पाण्यात असतं, अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये ते जाहीर केलं तेही नाकातल्या शेंबडावर काम करताना, पेनिसिलिनच्या आधी. ट्रान्सफेरिन असतं, ते लोह धरून ठेवतं, आणि बॅक्टेरियाला वाढायला लोह लागतंच त्यामुळे त्याची उपासमार होते. लेक्टिन असतात, जंतूंच्या अंगावरची साखर ओळखून त्यांना एकमेकांना चिकटवून गोळे करतात. कॉम्प्लिमेंटची प्रथिनं असतात, ती जंतूच्या आवरणाला भोकं पाडतात. प्रथिनं कापणारी एन्झाइम्स असतात ती वेगळीच.

त्यानंतर येतात छोटी छोटी जंतुनाशक पेप्टाइड्स, म्हणजे प्रथिनांचे अगदी लहान तुकडे. विंटर फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशाच्या कातडीच्या स्लाइममधून प्ल्युरोसिडिन सापडलं, १९९७ ची गोष्ट, फक्त २५ अमिनो आम्लं. २००१ मध्ये संकरित स्ट्राइप्ड बास या माशाच्या मास्ट पेशींतून, म्हणजे बचावाच्या कामातल्या एका प्रकारच्या पेशींतून, पिसिडिन मिळालं, २२ अमिनो आम्लांचं, बॅक्टेरियाच्या पडद्यात घुसून तो फाडणारं. पण मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पॅरासिन, आशियातल्या एका कॅटफिशचं, १९९८ मध्ये कळलेलं, अवघी १९ अमिनो आम्लं. कातडीला जखम झाली की त्या माशाच्या अंगातलं एक एन्झाइम हिस्टोन नावाच्या प्रथिनाचा तुकडा कापतं, आणि हिस्टोन म्हणजे काय तर पेशीच्या आत डीएनए ज्याच्यावर गुंडाळलेला असतो ते! डीएनए सांभाळणाऱ्या प्रथिनाचाच तुकडा काढून जखमेच्या जागी औषध म्हणून वापरला जातो. बाटलीतल्या हिरव्या पाण्याने हे होईल का, तुम्हीच सांगा.

आणि अँटिबॉडी. हे मला माहीतच नव्हतं की माशाच्या स्लाइममध्ये अँटिबॉडी असतात आणि त्यातही खास त्या कामाची एक. २००५ मध्ये ट्राउटमध्ये एक नवी अँटिबॉडी सापडली, तिला आयजीटी म्हणतात, त्याच वर्षी झेब्रा डॅनिओमध्ये पण तशीच सापडली, तिचं नाव आयजीझेड. म्हणजे आपल्या टँकमध्ये पट्टे मिरवत फिरणारा तो एवढासा मासा! मग २०१० मध्ये ट्राउटच्या आतड्यात ती मुख्य काम करते हे दाखवलं गेलं आणि २०१३ मध्ये कातडीवर. कातडीच्या कामात ट्राउटला कशाची लागण केली होती ठाऊक आहे का, इकची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या व्हाइट स्पॉटची. परजीवीविरुद्धची आयजीटी रक्तात नाही तर मुख्यतः कातडीच्या स्लाइममध्ये दिसली, आणि एरवीही कातडीवर राहणाऱ्या बहुतेक बॅक्टेरियांवर आयजीटीचं वेष्टण होतं. एकदा व्हाइट स्पॉटमधून नीट वाचलेला मासा पुढच्या वेळी त्याला सहसा दाद देत नाही हे जुने लोक सांगतात ते खरं आहे, कॅटफिशवरच्या अभ्यासातही हेच दिसलंय की कातडीवरच्या अँटिबॉडी परजीवीला चिकटतात, तो जखडतो, आणि आत घुसलेला असला तरी बाहेर पडतो.

आता हे सगळं कळल्यावर बाटलीवरचं वाक्य परत वाचा. कोरफडीच्या गरात साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्या पाण्यात थोड्या चिकट होतात, काही कंडिशनरमध्ये कोरफडीऐवजी पीव्हीपी नावाचं पॉलिमर घालतात, त्याचंही काम तेच. ते माशाच्या अंगावर जिथं स्लाइम गेलंय तिथं पातळ थर धरतं असं म्हणणं आहे. ठीक आहे, जखमेवर पट्टी लावल्यासारखं, थोडा आधार मिळत असेल. पण त्यात लायसोझाइम नाही, पिसिडिन नाही, आयजीटी तर शक्यच नाही, कारण ती त्या माशाने आजवर ज्या ज्या जंतूंशी गाठ पडली त्यांच्यासाठी स्वतः बनवलेली असते. म्हणून कोरफडीला मी अर्धा मार्क दिला, तो पण विश्वासावर.

माझा अनुभव विचाराल तर, नवीन मासे आणल्यावर कोरफडवालं आणि साधे खडे असं दोन्ही वेगवेगळ्या वेळी वापरलं, पंख मिटून कोपऱ्यात बसणं वगैरे दोन्हीकडे सारखंच आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचे खायला लागले. मला डोळ्यांना फरक दिसला नाही. पाणी मात्र कोरफडवाल्याने जरा फेसाळतं, फिल्टरचं पाणी पडतं तिथं छोटे बुडबुडे टिकून राहतात, तासाभरात जातात, घाबरू नका.

एक गोष्ट ओळखायला शिका, स्लाइम जास्त दिसणं हे चांगलं लक्षण नाही. दुकानात अजूनही सांगतात की 'हे टाका, स्लाइम वाढेल' आणि आपण खूश होतो. माशाच्या अंगावर, विशेषतः डोळ्यांच्या वर आणि पाठीच्या काळ्या भागावर, दुधाळ राखाडी पापुद्रा दिसायला लागला, कधी कडेने धागे लोंबताना दिसले, मासा दगडाला किंवा फिल्टरच्या पाइपला अंग घासतोय, तर त्याला काहीतरी झोंबतंय. अमोनिया असेल, क्लोरीन राहिलं असेल, पीएच एकदम हललं असेल किंवा अंगावर परजीवी असेल. त्या वेळी अजून एक झाकण कंडिशनर ओतण्यापेक्षा आधी अमोनियाची टेस्ट करा आणि पाणी बदला. नीट दिसणारा स्लाइम म्हणजे जो दिसतच नाही, फक्त अंगाला ओली चकाकी असते.

आणि ज्यांना वाटत असेल की ही एवढीशी बुळबुळ, तिचं काय एवढं, त्यांनी एकदा डिस्कसची जोडी पिल्लांसकट बघावी. ओळखीच्या एकांकडे बघितलीये. अॅमेझॉनचा मासा, पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगाला चिकटतात आणि पहिले काही आठवडे त्यांच्या अंगावरचा स्लाइम खातात, आई आणि बाप दोघांचाही. पिल्लं अक्षरशः कुशीवर तोंड टेकवून टिपत असतात, मग एक जण झटका देऊन निसटतो आणि सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर जातो, पाळी बदलली! त्या दिवसांत स्लाइममधलं प्रथिनांचं आणि अँटिबॉडीचं प्रमाण वाढतं असं २०१० च्या एका अभ्यासात मोजलंय. माझ्या तर अंगावर काटा आला ते बघताना. भांड्याच्या कडेला अंड्याच्या पिवळ्या बलकाची पेस्ट लावून पिल्लं वाढवायचा प्रयत्न लोक करतात पण ते किती कटकटीचं आहे ते करणाऱ्यालाच विचारा. आणि हे फक्त अॅमेझॉनचंच नाही बरं का, आपल्या दक्षिण भारतातला ऑरेंज क्रोमाइड, दुकानात नारिंगी पिवळा मिळतो तो, त्याचीही पिल्लं आईबापाच्या अंगावरून स्लाइम टिपतात. गोव्याचा कालुंदर आवडीने खाणाऱ्यांना सांगते, हा क्रोमाइड म्हणजे त्याचाच छोटा नातेवाईक.

तर मग पैसे कशावर घालवायचे? माझ्या मते जाळीवर. दुकानात जी हिरवी, खरखरीत, जाड गाठींची जाळी देतात ती स्लाइमचा शत्रू आहे. गोल्डफिश तिच्यात अडकला की शेपटीने फडफडतो, आणि जितका फडफडेल तितकं शेपटीच्या बुडाशी, जिथं अंग निमुळतं होतं तिथं, घासतं. नंतर जाळी उन्हात धरून बघा, सुकल्यावर धाग्यांवर चकचकीत पापुद्रा दिसतो, तो माशाच्या अंगावरून आलेला असतो, कधी त्यात एखादं खवलंही असतं. बिनगाठीची मऊ बारीक जाळी घ्या, कंडिशनरच्या एका बाटलीच्या पैशात दोन येतील. आणि त्याहून भारी म्हणजे पकडायलाच जाळी वापरू नका, पारदर्शक प्लास्टिकचा मोठा मग किंवा डबा पाण्यात आडवा धरून माशाला आत जाऊ द्या आणि पाण्यासकटच उचला. हात लावायचीच वेळ आली तर हात आधी टँकच्या पाण्यात ओले करा, कोरडा हात स्लाइम पुसून घेतो, आणि साबणाचा हात तर अजिबात नको.

यावरूनच दुकान कसं निवडायचं ते पण सांगते. मी आता जिथून मासे घेते तिथले काका मासा डब्यातच धरतात, पिशवीत टाकताना हवेत उंच धरून ओतत नाहीत, पिशवी पाण्याला टेकवून सोडतात, आणि गिऱ्हाईक कितीही घाई करो, एकाच माशामागे जाळी घेऊन पूर्ण टँक ढवळत नाहीत. एकदा एक मुलगा म्हणाला काका तोच द्या तो लाल टोपीवाला, काका म्हणाले, 'बाळा, आज तो दमलाय, उद्या सकाळी ये, तुझ्यासाठी ठेवतो.' असं दुकान मिळालं तर बाटलीवरचे पैसे वाचवा, तिथं दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. उलट एका दुकानातून (नाव नको) आणलेल्या माशांपैकी दोघांच्या अंगावर चार दिवसांत कापसासारखी बुरशी आली, बरोबर त्या ठिकाणी जिथं जाळी घासल्याचे पांढरे ओरखडे होते. बुरशी आणि बॅक्टेरिया पाण्यात आधीपासून असतातच, त्यांना फक्त वाट मिळायचा अवकाश. त्या वेळी घरात कोरफडवालं कंडिशनर होतं, डोसही दिलेला होता, त्याने अडलं नाही. वाचले ते मिठाच्या पाण्याने आणि रोज थोडं थोडं पाणी बदलल्याने.

औषधांबद्दलही एक विनंती. मासा जरा सुस्त दिसला की अँटिबायोटिक पावडर टाकायची सवय सोडा. कातडीवर स्लाइममध्ये चांगले बॅक्टेरियाही राहतात, जागा अडवून ठेवतात, अँटिबायोटिकने तेही जातात आणि फिल्टरमधले अमोनिया संपवणारे पण जाऊ शकतात, मग अमोनिया वाढतो आणि पुन्हा कातडी झोंबते. गर्दीही तशीच. ताण फार दिवस राहिला की माशाच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि बचाव ढिला पडतो, एका छोट्या टँकमध्ये डझनभर गोल्डफिश कोंबून वर स्ट्रेस कमी करायची बाटली ओतणं याला काही अर्थ नाही.

मग कोणी घ्यावं हे कंडिशनर? ज्यांच्याकडे फक्त नळाचं पाणी आहे, खड्यांचा अंदाज चुकेल अशी धास्ती वाटते, मापाच्या झाकणाची सोय हवीय, त्यांनी खुशाल घ्या. मासे लांबून आणताना, टँक हलवताना, पकडापकडी झाल्यावर कोरफडवालं घातलं तर बिघडत काही नाही. बोअरचं पाणी असेल आणि क्लोरीनच नसेल तर मात्र निव्वळ स्लाइमसाठी घेऊ नका, त्या पैशात अमोनियाचं टेस्ट किट येईल, ते आधी घ्या. ज्यांच्याकडे मरीन म्हणजे समुद्री माशांचा टँक आहे त्यांनी कोरफडवाल्यापासून लांबच राहा, प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस करून कप ओसंडून टाकतो. आणि कुठलीही बाटली असो, डोस टँकमध्ये नंतर घालण्यापेक्षा पाणी बादलीतच आधी ट्रीट करा, ढवळा, वर लिहिलेले थेंब टाकून वेगळं काढलेलं ग्लासभर तपासा, ते पिवळं झालं नाही की मग बादलीतलं पाणी टँकमध्ये सोडा.